डब्याशेजारची बाटली

आमच्या सरांच्या पिशवीला दोन कप्पे होते. एकात काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दिलेला जेवणाचा डबा, आणि दुसऱ्यात, अधूनमधून, काकूंनीच दिलेली लघवीची बाटली. पेणहून रोह्याला येणाऱ्या सकाळच्या गाडीत ही पिशवी मांडीवर घेऊन सर खिडकीशी बसत. शेजारच्याने सहज विचारलं, आज डब्यात काय, तर सर दोन्ही कप्प्यांची माहिती देत. त्यानंतर त्यांना नागोठण्यापर्यंत ऐसपैस बसता येई.

मी त्यांच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅब रोह्याच्या बाजारात, चपलांच्या दुकानाच्या माडीवर. मी राहायला अष्टमीला, पूल ओलांडला की पोचले. नोकरी मागायला गेले त्या दिवशी सरांनी माझं सर्टिफिकेट उघडलंसुद्धा नाही. जवळ आले, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, घरात कोण बिडी ओढतं? मी म्हटलं, काका. एकत्र राहता का? हो. "मग उद्यापासून ये. आणि येताना बाटली भरून आण." हा माणूस वेडा आहे असं मी त्या दिवशी घरी सांगितलं. अंदाज चुकला नव्हता, वेडाची तऱ्हा कळायला मात्र वेळ लागला.

साखर, कावीळ, टायफॉइड हे सगळं सर तपासत, पण भाजी निवडायला बसवल्यासारखं तोंड करून. त्यांचा जीव होता धुरात. कोणाच्या अंगात तंबाखूचा किती धूर गेला हे त्यांना मोजायचं असे. ओढणाऱ्याच्याच नव्हे, त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्याही. तंबाखूतलं निकोटीन शरीरात गेलं की त्याचं कोटिनीन होतं. निकोटीन काही तासांत पसार होतं, कोटिनीन मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं तीन-चार दिवस हलत नाही. रक्तात सापडतं, लाळेत सापडतं, लघवीत तर हमखास. म्हणून माणसाला काही विचारण्यावर सरांचा विश्वास नव्हता. "माणूस थापा मारेल, लघवी मारत नाही," हे त्यांचं वाक्य. ते त्यांनी एकदा मारवाडी शेटजींच्या नातवाच्या बारशात, माइकवरून म्हटलं होतं.

केसांतही तंबाखूची खूण महिनोन्महिने राहते. हे सरांनी कुठेतरी वाचलं आणि बाजारातल्या न्हाव्याची झोप उडाली. सर दाढीला गेले की खाली पडलेले दुसऱ्यांचे केस निवडून पुड्या बांधत, मुंबईच्या एका मित्राकडे तपासायला पाठवायला. न्हाव्याला वाटलं, करणीचा प्रकार आहे. पुढे पुढे तो सरांना जिन्यावरून उतरताना पाहिलं की आधी दुकान झाडून घेई.

निडी स्टेशनची गोष्ट तर अजून लोक सांगतात. गाडीच्या दारात एक म्हातारा बिडी ओढत उभा होता आणि त्याच्यामागे त्याची सून, पोर कडेवर घेऊन. सरांनी म्हाताऱ्याला काही म्हटलं नाही. त्यांना त्या सुनेच्या अंगात किती धूर आहे ते हवं होतं. निडी आली, ती मंडळी उतरली, तर सरही बाटली काढून त्यांच्या मागोमाग उतरले. परक्या बाईकडे स्टेशनात लघवी मागणारा माणूस मार न खाता कसा सुटला हे मला आजही कळलेलं नाही. गाडी गेली. सर दुपारच्या गाडीने लॅबमध्ये आले, शर्टाचं एक बटण तुटलेलं, चेहऱ्यावर समाधान. बाटली? मी विचारलं. ती मिळाली नव्हती. पण म्हाताऱ्याने घाबरून बिडीचा कट्टा रुळांत फेकला होता, आणि ते सरांच्या मते उपचारात मोडत होतं.

लग्नाच्या बाजारात सरांचं नाव निघायला मग वेळ लागला नाही. एक वधूपिता मुलाने चहा प्यायलेला कप वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. जावई सिगारेट ओढतो का एवढं कपाच्या कडेवरून सांगा, म्हणाले. सरांनी कप बाजूला ठेवला, वधूपित्याकडे वाकून नाक ओढलं आणि आधी त्यांचीच तपासणी केली. निकाल घेऊन ते गृहस्थ जे गेले ते मागच्या गल्लीने. लग्न झालं, आम्हाला आमंत्रण नव्हतं.

तपासणीची पट्टी अशी की तिच्यावर थेंब टाकायचे आणि थांबायचं. दोन रेघा उमटल्या की माणूस स्वच्छ. एकच उमटली की सापडला. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना दोन रेघांचा दुसराच अनुभव असे, त्यामुळे दोन रेघा पाहून एकदोघींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसरी रेघ कधी ठसठशीत येते, कधी इतकी पुसट की डोळे ताणावे लागतात. पुसट असली तरी ती रेघच धरायची, असा नियम. लोक याच नियमाला लोंबकळत. बघा ना सर, आहे की थोडीशी. सर पट्टी खिडकीशी नेत, चष्मा कपाळावर चढवत, पुन्हा खाली घेत आणि नसेल तर नाही म्हणत. नात्यागोत्यातला असो की नगरसेवक असो. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं होतं, "नसलेली रेघ दिसायला लागली की त्या दिवशी लॅबला कुलूप लावायचं."

आता काकूंची बाटली. पट्ट्यांचा नवा डबा फोडला की तो धड आहे का ते बघायला, ज्याच्या अंगात तंबाखूचा कणही नाही अशा माणसाचा नमुना लागतो. तो मान काकूंचा. सर एके काळी पाकिटावर पाकीट सिगारेट ओढत. काकूंना खोकला लागला, तो महिनोन्महिने हटेना. एका पहाटे त्या खोकून खोकून भिंतीला धरून बसल्या ते पाहिलं आणि सरांनी सिगारेट टाकली ती टाकलीच. त्या दिवसापासून काकूंची बाटली म्हणजे सरांचं प्रगतिपुस्तक. दोन ठसठशीत रेघा उमटल्या की ते पट्टी माझ्यासमोर धरत. "बघ. आमच्या घरात धूर नाही."

त्याच बाटलीत सर काकूंची साखरही बघून घेत. आलेली बाटली वाया का घालवा. साखर कधीच निघाली नाही, म्हणून काकूंना श्रीखंडाची मुभा होती.

काकू ठेंगण्या, अबोल, हसऱ्या. पेणला गणपतीच्या कारखान्याशेजारी त्यांचं घर. कधी रोह्याला आल्या की लॅबमध्ये बाकावर बसत, उजव्या हाताचं पहिलं बोट पदराच्या टोकात गुंडाळून. मला वाटे, सवय असेल. माझी मावशी बोलताना मंगळसूत्र चावते, तसं.

लॅबमध्ये आणखी एक यंत्र होतं. त्यात फुंकलं की श्वासात धुराचा विषारी वायू किती ते आकड्यात दिसे. आम्ही त्याला फुंकणी म्हणायचो. सरांना तिचा तिटकारा. श्वास दोन-चार तासांत सगळं विसरतो, लघवी चार दिवस लक्षात ठेवते, म्हणत. फुंकणी कपाटावर धूळ खात पडली होती.

तर एमआयडीसीतल्या एका कंपनीत, जिथे ठिणगी पडली तर शेडच उडेल अशा जागी, कोणाला तरी बिडीचं थोटूक सापडलं. मॅनेजर हादरले. त्या शेडमधले कंत्राटी कामगार पर्मनंट व्हायचे होते. मॅनेजरनी ठरवलं, जो ओढत नाही तोच आत, आणि ओढतो की नाही ते आमचे सर सांगतील. सरांना दिवाळी झाली. बाटल्या आल्या. बहुतेकांच्या दोन रेघा निघाल्या, काहींची एक. एकवाल्यांनी थोडी कुरकुर करून कबुली दिली.

राहिला हिराजी. पेणच्या खारेपाटातला, मिठागरात वाढलेला, खाली मान घालून काम करणारा. सरांनी त्याला बोलावून घेतलं. बिडी? नाय. सिगारेट? नाय. तंबाखू मळता? गुटखा? नाय, नाय. घरात कोणी ओढतं? नाय. सरांनी त्याच्यासमोर पुन्हा पट्टी लावली. पुन्हा एकच रेघ.

"मग ही काय खाडीतनं वाहत आली?" सर म्हणाले.

"सायब, मी बिरी वढत नाय. आयेची आन." त्याने गळ्याला हात लावला. "पाच पावसाले कंत्राटावर काढले. आता नाव लागलंय. तुमी लिवलंत तर उद्या गेटातून आत नाय घेणार मला."

सरांनी त्यांचं ते थापांचं वाक्य ऐकवलं. मला हिराजीचं फार वाईट वाटलं, आणि सरांचा राग आला. पण पट्टी माझ्याही डोळ्यांसमोर होती. 

काकू त्या दिवशी अष्टमीला कोणाच्या तरी साखरपुड्याला आल्या होत्या आणि सरांबरोबर परत जायचं म्हणून बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या. हिराजीचा हात टेबलावर होता, त्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, त्याचं बोट बघा."

पहिल्या बोटाचा शेंडा काळपट होता. सर म्हणाले, हाच तो बिडीचा डाग. काकू म्हणाल्या, बिडीचा डाग दोन बोटांच्या मधे पडतो, शेंड्याला नाही. मग हिराजीकडे वळून अगदी हळू विचारलं, "मशेरी लावतोस ना रे?"

हिराजीचा चेहरा असा झाला की बिडीची कबुली परवडली असती. "काकू, सावकाश बोला ना," तो म्हणाला. "खाली चपलांच्या दुकानाशी आमच्या शिफ्टची पोरं उभी हायेत."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मशेरी, म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. बोटाने दातांना लावायची, थोडा वेळ धरून बसायचं. आमच्या भागात बायका लावतात. दातांसाठी चांगली म्हणून सुरू करतात, मग दोनदा, मग चारदा, मग तिच्याविना सकाळ उजाडत नाही. पण तिला तंबाखू कोणी म्हणत नाही. ती दात घासण्यात जमा. सरांनी विचारलं नाही, हिराजीने सांगितलं नाही, आणि माझ्या घरात दोघी लावतात तरी मलाही सुचलं नाही. शिवाय पुरुषाने मशेरी लावणं म्हणजे बायकी काम. कंपनीत कळलं असतं तर हिराजीला जन्मभर मावशी म्हणून हाक मारली असती. बिडीवाला म्हणून नोकरी गेली तरी चालेल, पण मावशी नको, असा त्याचा हिशेब. तो घरामागे जाऊन, बायकोच्याही चोरून लावत असे.

सर मात्र बधले नाहीत. मशेरीने पट्टी इतकी बिघडते हे कशावरून? आज हा म्हणेल मशेरी, उद्या सगळे बिडीवाले मशेरीच म्हणतील. ते येरझारा घालू लागले. मला पुरावा हवा, म्हणाले. असा एक माणूस आणा, जो मशेरी लावतो आणि ज्याच्या घरात धुराचा कण नाही. त्याची पट्टी बघू, मग बोलू. "अशी खात्रीची घरं आहेत कुठे? माझं सोडून मला एक माहीत नाही."

 हिराजी जमिनीकडे बघत होता. काकू सरांकडे बघत होत्या. मग त्यांनी पदराचं टोक सोडलं आणि बोट टेबलावर ठेवलं. त्याचाही शेंडा काळपट होता.

"माझी घ्या," त्या म्हणाल्या.

"तुझी घेतोच की मी."

"ती माझी नाय."

सरांनी चष्मा काढला. "मग कोणाची?"

"सुमनची. कारखान्यात गणपतीचे डोळे आखते, ती. तिला सांगितलंय, सर फुकटात साखर बघतात."

इतकी वर्षं सर ज्या दोन रेघा अभिमानाने नाचवत होते त्या सुमनच्या होत्या. कोणताही नवरा अशा वेळी काय म्हणेल ते म्हणेल. सर चष्मा पुसत म्हणाले, "मग श्रीखंड?"

हिराजी फसकन हसला आणि घाबरून गप्प बसला.

काकूंची खरी बाटली, पहिल्यांदाच, त्या दिवशी आमच्या हातात आली. एकच रेघ. आणि साखर, देवाची कृपा, नव्हती. मग सरांनी स्टूल घेतलं, कपाटावरची फुंकणी उतरवली आणि शर्टाच्या बाहीने पुसली. काकू फुंकल्या, हिराजी फुंकला, मी फुंकले. तिघांचे आकडे स्वच्छ. तंबाखू अंगात आहे, धूर नाही. पण श्वास विसरतो हे सरांचंच म्हणणं होतं, तेव्हा ते तो आठवडाभर फुंकणी गळ्यात अडकवून कंपनीच्या गेटवर जाऊन बसले. शिफ्टला शिरताना, चहाच्या सुट्टीत, सुटताना. हिराजी फुंकून फुंकून दमला, आकडा काही चढला नाही.

रिपोर्टात मशेरी हा शब्द घालू नका, अशी हिराजीने हात जोडून विनंती केली होती. खोटं लिहिणं सरांना जमणारं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'धूम्रपान नाही. तंबाखूमिश्रित दंतमंजनाचा वापर.' कंपनीतल्या कोणालाच ते कळलं नाही. हिराजी पर्मनंट झाला, पेढे घेऊन आला, आणि जाताना माझ्या कानाशी म्हणाला की दात आता ब्रशने घासतो, पण सकाळ सुनी सुनी वाटते.

सर त्यानंतर काही दिवस आजारी माणसासारखे वागले. निडीला दारात कोणी बिडी पेटवली तरी उठेनात. नवा डबा आला तेव्हा पट्टी बघायला त्यांनी माझ्याकडे बाटली मागितली. माझा काका अजूनही ओढतो हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. मशेरीचं त्यांना तितकं काही नव्हतं. एका दुपारी न जेवता म्हणाले, मी हिच्या खोकल्यासाठी सोडली ना, मग हिने मला सांगायचं नाही? त्यांचं दुखणं ते होतं.

काकूंचं दुखणं त्यांनी मला पेणला सांगितलं, मी गणपती बघायला गेले होते तेव्हा. लग्नाआधीपासून आईने लावलेली सवय. "त्यांनी माझ्यापायी एका दिवसात टाकली गो. मी चोरून सोडायला गेले तरी सुटेना. कुठल्या तोंडानं सांगू?" आणि डोळ्यांना पदर लावला.  नवरा ज्या बाटलीकडे बघून खूश होतो तिच्या जागी स्वतःची द्यायची हिंमत बाईला होईना, एवढीच ती सगळी लबाडी होती.

मग एका सोमवारी पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यातून बाटली निघाली. सर म्हणाले, "हिचीच आहे. सोडतेय म्हणते." एक रेघ. पुढच्या सोमवारी एक रेघ. सर पट्टी टाकून देत. काकूंची मात्र आग आग होत असावी. डब्यातली आमटी कधी अळणी, कधी जाळ. एकदा नुसताच भात आला. सरांनी तो निमूट खाल्ला. मी लोणचं दिलं.

त्यांचं असं कितीतरी सोमवार चाललं. मधे एकदा पावसात काकू पुन्हा लावायला लागल्या, पुन्हा सोडली. शेवटी एका सकाळी त्या स्वतःच बाटली घेऊन आल्या. बाकावर बसल्या. बोट पदरात नव्हतं. शेंड्याला हळदीचा पिवळा डाग होता, बाकी काही नाही.

मी थेंब टाकले. पहिली रेघ आली. दुसरीची वाट पाहिली. पट्टीवर लिहिलेली मिनिटं उलटली, वर आणखी थोडी गेली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी काहीतरी शोधायला खण उघडला.

सरांनी पट्टी उचलली. खिडकीशी नेली. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला, पट्टी आडवी केली, उभी केली. काकू त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. बाटल्या घेऊन बाकावर बसलेल्या सगळ्या माणसांकडे पाठ करून सर असेच उभे राहत, आणि नसेल तर नाही म्हणत.

"आहे," सर म्हणाले. "पुसट आहे. पण आहे."

काकूंनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडायला लागल्या.

सरांनी पट्टी मला दाखवली नाही. कचऱ्याच्या डब्यात टाकायची ती शर्टाच्या खिशात ठेवली. मग भिंतीवरचं लॅबचं कुलूप काढून माझ्या हातात दिलं, काकूंची पिशवी उचलली आणि त्यांना धरून जिना उतरले. तेव्हा अकराही वाजले नव्हते.